चौथा दशांश

इर्मेलीची खोली रिकामी करताना
कपाटात छत्रीशेजारी तलवार सापडली.
आमच्याकडे डॉक्टरेट झाली की
कमरेला तलवार बांधतात, डोक्यावर उंच काळी टोपी.
"सत्यासाठी लढायला," ती म्हणाली.
"मी दर नाताळात तिनं केक कापला."

मग खोकी.
सगळ्यात खाली पंचकार्डांची गड्डी,
रबर विरघळून कडांना चिकटलेलं.
एकोणीसशे शहात्तर. ओउलू. बर्फ.
नगरपालिकेचे सात नांगर, चारशे बारा रस्ते,
प्रत्येक रस्त्यावरून एकदा तरी जायचं
आणि डेपोत परत यायचं.
गावाला वळसा पडणारच,
प्रश्न इतकाच, की किती कमी.
शेंबड्या पोराला कळेल असा प्रश्न,
आणि जन्मभर पुरेल असा.

यंत्र रात्रभर घरघरलं.
पहाटे उत्तर: एकोणीस किलोमीटर वाचतात!
ती हातमोजे विसरून गॅरेजकडे धावली.
तैस्तो राइहा, नांगर क्रमांक तीन,
कागद दिव्याखाली धरून बघत राहिला,
कॉफी निवेपर्यंत.
"ह्यात वारा कुठाय?" म्हणाला.
"पूल पाचला साफ केला तर नदी तो सहाला परत भरते.
आणि डावीकडे वळलो की सगळा ढिगारा
चौकात सांडतो. तो कोण उचलणार, तुझं यंत्र?"

ती परतली.
डाव्या वळणाला दंड लावला.
वाऱ्यासाठी एक चल घातलं.
एकोणीसाचे अकरा झाले, अकराचे सहा,
आणि उत्तर तैस्तोच्या जुन्या वाटेच्या
इतकं जवळ सरकलं
की तिला आधी हसू आलं, मग रडू,
मग त्यातून एक शोधनिबंध झाला.

पुढची वर्षं
धुक्यात डोंगर उतरण्यात गेली.
पायाला उतार लागेल तिकडे पाऊल टाकायचं,
चहूकडून चढ लागला की थांबायचं
आणि म्हणायचं, पोचलो.
पण हा तळ आहे की नुसता खड्डा
ते धुकं सांगत नाही.
तीन वर्षं ती एका खड्ड्यात राहिली.
चौथ्या लेमात चूक होती.
स्वतःच शोधली, स्वतःच कळवली;
संपादकाचं आभाराचं पत्र
ह्याच खोक्यांत कुठेतरी आहे, दोन ओळींचं.

खड्ड्यातून निघायचं तर आधी बिघडू द्यावं लागतं,
ती शिकवायची. तापवा, मग निवू द्या.
आम्ही सॉनाची उपमा द्यायला गेलो की चिडायची.
"निवणं सावकाश असतं.
तुम्ही सरळ नदीच्या भोकात उडी मारता."

आणि एवढ्या सगळ्यानंतर तिच्या नावावर काय,
तर एका मर्यादेतला चौथा दशांश.
आधी तिथे सात होता.
पंधरा वर्षांत तिनं तो पाच केला.
दोन वर्षांपूर्वी हनोईच्या एका पोरीनं
त्याचा चार केला, अडीच पानांत.
इर्मेलीनं ती पानं जेवायच्या टेबलावर
पेन्सिल घेऊन दोनदा वाचली,
आणि त्या पोरीला टपालानं लोकरीचे मोजे पाठवले.
हनोईत!
मी काही बोलले नाही.

खोकी गाडीत भरली तेव्हा तीन वाजले होते, म्हणजे रात्रच.
रस्त्यावरून एक नांगर आला,
आत कोवळा ड्रायव्हर, समोर निळा पडदा.
उजवीकडे वळला. पुन्हा उजवीकडे.
तिसऱ्यांदा उजवीकडे,
आणि मूळ चौक सरळ ओलांडून
डाव्या रस्त्याला लागला.
चौक स्वच्छ.
ती मोजत उभी होती, बोटांवर.
"दंड अजून लागू आहे," म्हणाली,
आणि मग, जरा वेळानं, "तैस्तोचं नाव घालायला हवं होतं."

गाडीच्या काचेवर बर्फ धरला होता.
खरवडणं सापडेना.
तिनं खोक्यातून तलवार उपसून
माझ्या हातात दिली.
धार नाही तिला.
पण निघतो बर्फ.